माल की काम? वातानुकूलनाच्या कंत्राटाची कहाणी

थ्रेड : पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात वातानुकूलनाचे किंवा बॉयलरचे काम घेणाऱ्या कंत्राटदाराची फाइल उघडली, तर एकाच कामाच्या दोन पीओ अनेकदा दिसतात. एक 'सप्लाय'ची, दुसरी 'इरेक्शन अँड कमिशनिंग'ची. यंत्रणा एक, कारखाना एक, कंत्राटदारही एकच. मग कागद दोन का? याचे उत्तर यंत्रशास्त्रात नाही. ते १९५८ च्या एका निवाड्यापासून शोधावे लागते.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पेनिसिलिनचे उत्पादन हा तापमान सांभाळण्याचाच उद्योग आहे : पोषक द्रावण वाफेने निर्जंतुक करायचे आणि बुरशी वाढू लागली की तिची उष्णता सतत काढून घ्यायची. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि कारखान्यांची रांग लागली. १९६६ ची वॉन्सन इंडिया १९८० मध्ये थरमॅक्स झाली. बॉयलर बनवणाऱ्या या चिंचवडच्या कंपनीने पुढे वाफेवर चालणारी चिलरही बनवली. गरम आणि गार एकाच घरात नांदू लागले.

अडचण अशी की मोठी वातानुकूलन यंत्रणा खोक्यात बंद होऊन येत नाही. कॉम्प्रेसर, पंप, कूलिंग टॉवर, डक्ट, पाइप, इन्सुलेशन असे सुटे भाग येतात आणि ते जागेवर जोडल्यावरच यंत्रणा अस्तित्वात येते. मग कंत्राटदार नेमके काय विकतो, माल की काम?

गॅनन डंकर्ली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये सांगितले, की बांधकामाचे एकसंध कंत्राट अविभाज्य असते. त्यात मालाची वेगळी विक्री होत नाही, म्हणून राज्याला त्यावर विक्रीकर लावता येत नाही. १९६९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ओटिसच्या लिफ्टबाबत असाच कौल दिला. साहजिकच एकरकमी, एकसंध कंत्राट लिहिण्यात फायदा होता. मालाचा आणि मजुरीचा करार वेगळा केला, की मालावर कर आलाच.

राज्यांना हे परवडणारे नव्हते. १९८२ ची ४६ वी घटनादुरुस्ती झाली आणि अशा कंत्राटात वापरलेला माल 'विकला गेला' असे मानण्याची मुभा राज्यांना मिळाली. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकाही त्याच वर्षीची. तिची जकात हा कोटेशनमधला आणखी एक कलम. चाकण पालिकेच्या हद्दीबाहेर, त्यामुळे तिथल्या कामाचे गणित निराळे. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की कर फक्त मालाच्या मूल्यावर लावायचा, मजुरी वगळायची. आता वाचवायचे असेल ते कागदावर वेगळे दाखवणे भाग होते. एकसंध कंत्राटाचे दिवस संपले.

केंद्राचे उत्पादन शुल्क मात्र उलट्या दिशेने विचार करत होते. जानेवारी २००२ च्या आदेशात केंद्रीय मंडळाने म्हटले, की वातानुकूलन संयंत्र ही प्रणाली आहे, एक यंत्र नव्हे. म्हणून संपूर्ण संयंत्रावर शुल्क नाही, घटकांवर असेल. विक्रीकरवाल्याला त्यात माल दिसायचा आणि उत्पादन शुल्कवाल्याला पूर्ण संयंत्रात माल सापडत नव्हता!

२०१४ मध्ये कोने एलिव्हेटर प्रकरणात घटनापीठाने स्वतःचाच २००५ चा निकाल फिरवून, लिफ्ट बसवून देणे हे वर्क्स कॉन्ट्रॅक्ट असल्याचे ठरवले. तीनच वर्षांत जीएसटी आला आणि व्याख्या स्थावर मालमत्तेपुरती आकसली. एसीवर २८ टक्के, वर्क्स कॉन्ट्रॅक्टवर सर्वसाधारणपणे १८ टक्के. सप्टेंबर २०२५ मध्ये एसीही १८ टक्क्यांवर आला, तोवर या शब्दात दहा टक्क्यांचा फरक दडलेला होता. शिवाय संयंत्र इमारतीचा भाग मानायचे की यंत्रसामग्री, यावर ग्राहक कारखान्याचे इनपुट क्रेडिट अवलंबून असते. हा वाद दर बदलल्याने मिटलेला नाही.

मात्र भोसरीच्या छोट्या कंत्राटदाराला खरी झळ बसते ती कराची नव्हे, थकलेल्या बिलाची. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. पण स्टर्लिंग अँड विल्सन (२०१७) आणि पी. एल. आडके (२०२१) या प्रकरणांत मुंबई उच्च न्यायालयाने वर्क्स कॉन्ट्रॅक्ट या कायद्याच्या कक्षेबाहेर धरले. म्हणजे ज्या शब्दाने एके काळी कर वाचवला, त्यानेच वसुलीचे हत्यार काढून घेतले. कागद लिहितो बहुतेक वेळा मोठ्या कारखान्याचा खरेदी विभाग, आणि सही करण्यापूर्वी शीर्षक 'सप्लाय' आहे की 'वर्क्स' हे छोटा कंत्राटदार क्वचितच तपासतो.