मिश्रधातूंतील उष्णतावहन : एका नियमाची कसोटी

प्रस्तावना :
तांब्यात जस्त मिसळून पितळ केले की त्याची उष्णतावाहकता बरीच घटते. धातूतील ही 'अशुद्धी' प्रयोगकर्त्यांना दीर्घकाळ अडचणच वाटली. तिच्याच साहाय्याने उष्णतावहनाचा दुसरा मार्ग कसा मोजता आला, याचा प्रस्तुत लेखात आढावा घेतला आहे.

नियम आणि योगायोग :
इ. स. १८५३ मध्ये वीडेमान व फ्रान्झ यांनी असे दाखविले की, समान तापमानास निरनिराळ्या धातूंच्या उष्णतावाहकतेचे विद्युत्‌वाहकतेशी असणारे गुणोत्तर जवळजवळ सारखे असते. १९०० मध्ये पॉल द्रूडे यांनी धातूतील इलेक्ट्रॉनांना वायू मानून या नियमाचे स्पष्टीकरण दिले. उत्तर मोजमापांशी जुळले. परंतु त्यात इलेक्ट्रॉनांची उष्माधारकता सुमारे शंभर पट अधिक आणि त्यांच्या वेगाचा वर्ग सुमारे शंभर पट कमी धरला गेला होता. दोन चुकांनी परस्परांना झाकले. पुंजवादावर आधारलेली सुधारणा सोमरफेल्ड यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस केली.

नीच तापमानातील पुरावा :
१९०८ मध्ये लायडेन येथे कामरलिंग ओनेस यांनी हेलियम द्रवरूप केला आणि ४ केल्व्हिनच्या आसपासचे प्रयोग शक्य झाले. शुद्ध तांबे थंड करीत नेले असता त्याची उष्णतावाहकता वाढत जाऊन शिखर गाठते व नंतर घटते. मिश्रधातूंत मात्र असे ठळक शिखर सहसा आढळत नाही. परके अणू इलेक्ट्रॉनांना सतत विखुरतात, हे त्याचे कारण होय.

येथेच नियमाची खरी कसोटी लागली. विद्युत्‌रोधावरून काढलेल्या इलेक्ट्रॉनांच्या वाट्यापेक्षा प्रत्यक्ष वाहणारी उष्णता अधिक भरे. हा अधिक भाग स्फटिकातील अणूंच्या सामूहिक कंपनांचा, म्हणजे फोनॉनांचा होता. शुद्ध धातूत तो इलेक्ट्रॉनांच्या प्रचंड वाट्याखाली झाकला जातो. १९५० च्या दशकात सिडनी येथे क्लेमेन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी तांब्याच्या मिश्रधातूंत हे दोन वाटे वेगळे केले. अतिनीच तापमानास इलेक्ट्रॉनांचा वाटा तापमानाच्या, तर फोनॉनांचा साधारणतः त्याच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. म्हणून ही विभागणी शक्य होते. धातू ठोकून वा ताणून विकृत केल्यास फोनॉनांचा वाटा घटतो. त्यामुळे स्फटिकातील दोषांचा अभ्यासही या मोजमापांतून करता आला.

निष्कर्ष :
द्रूडे यांचे उत्तर जुळले तरी त्यामागील कारण चुकीचे होते. मिश्रधातूंत आकडे जुळले नाहीत, पण त्या तफावतीतून खरे कारण हाती आले. केवळ आकड्यांचा मेळ हा सिद्धांताच्या सत्यतेचा पुरेसा पुरावा नव्हे, हा या इतिहासाचा बोध आहे. पदार्थविज्ञान शिकविताना नियमाबरोबर त्याच्या अपवादांनाही स्थान द्यावे लागते, ते याचसाठी.