आधी टायर, मग सायकल

माउंटन बाइक घ्यायला गेलं की फ्रेम, गिअर, सस्पेन्शन यांवर तासभर बोलणं होतं. टायरचा विषय निघतो शेवटी, तोही ‘जो लागलाय तो चालेल’ एवढ्यापुरता. मला हे उलटं वाटतं. कारण या सायकलच्या इतिहासात टायर आधी होता. सायकल त्याच्यासाठी शोधावी लागली.

१९३३ साली, महामंदीत, शिकागोच्या श्विन कंपनीने सव्वीस इंची चाकावर २.१२५ इंच रुंदीचा ‘बलून’ टायर आणला. तोवर अमेरिकेतल्या सायकलींचे टायर अरुंद आणि कडक असत. बलून टायरमध्ये हवा कमी दाबाने भरायची, म्हणजे खड्ड्याचा हिसका टायरच पचवायचा. या दणकट सायकली मुख्यतः पोरांसाठी होत्या. पुढे गिअरच्या हलक्या सायकली आल्या आणि ही धुडं अडगळीत गेली.

१९७०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, मरिन काउंटीतल्या काही तरुणांनी ती पुन्हा बाहेर काढली. जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली ही त्यांतली नावं. यांच्यापैकी अनेकांना रस्त्यावरच्या शर्यतींचा चांगला अनुभव होता, हलक्या सायकलीही होत्या. पण माउंट टॅमलपायसच्या मातीच्या, दगडांच्या उतारांवर बोटभर रुंदीच्या टायरचा उपयोग शून्य. रुंद टायर मावायचा तो त्या जुन्या फ्रेममध्येच. म्हणून वीसेक किलोंचं लोखंड ढकलत वर न्यायचं आणि खाली सुसाट सुटायचं.

२१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळ त्यांची पहिली ‘रीपॅक’ शर्यत झाली. सुमारे दोन मैलांत १,३०० फुटांचा उतार. पेडल उलटं दाबून लागणारा ब्रेक इतका तापायचा, की हबमधलं ग्रीस जळायचं आणि पुन्हा भरावं लागायचं. नाव त्यावरूनच पडलं. १९७७ मध्ये ब्रीझने याच कामासाठी नवी फ्रेम घडवली. त्याची पहिली सायकल आज स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे.

मग हा खेळ मोठा झाला. १९९० मध्ये ड्युरँगोला जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, १९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिक. क्रॉस-कंट्रीवाले ग्रॅम ग्रॅम मोजू लागले. टायर दोन इंचांच्या आसपास किंवा त्याहूनही बारीक झाले, हवा कडक झाली. दुकानांतही तेच आलं. शर्यतीत कधीच न उतरणाऱ्यांनीही ‘बारीक म्हणजे वेगवान’ हे मान्य करून टाकलं.

गुळगुळीत डांबरावर हलका, कडक टायर पळतो, हे खरं. खडबडीत वाटेवर मात्र तो प्रत्येक दगडावर उडतो आणि आपली ताकद सायकल वर उचलण्यात जाते. रुंद, थोडा मऊ टायर दगड गिळून पुढे जातो. पण हवा कमी केली की रिम आणि दगड यांच्यात ट्यूब चेमटून पंक्चर व्हायची. १९९९च्या सुमारास माउंटन बाइकसाठी ट्यूबलेस आले आणि ही अडचण बरीच सुटली. रुंदी हळूहळू परतली. आज २.२५ ते २.४ इंच ही साधी गोष्ट आहे.

सह्याद्रीत फिरताना मी हाच हिशेब लावते. सुक्या मुरमावर बुटके, जवळजवळचे नॉब चालतात. पावसाळी चिखलात उंच आणि विरळ हवेत, म्हणजे मधली माती झडून जाते. वळताना पकड पुढच्या चाकाला लागते, म्हणून जास्त ग्रिपचा टायर पुढे, हलका पळणारा मागे. रोज डांबरावरूनच ऑफिसला जायचं असेल, तर मोठे नॉब नुसतेच घरघरतात आणि झिजतात.

फ्रेम आवडली की पैसे देण्याआधी मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंची फट बघा. पुढे रुंद टायर घालावासा वाटला, तर तो तिथे मावला पाहिजे. मरिनच्या पोरांनी भंगारात सगळ्यात आधी तेच पाहिलं होतं.