पडद्यावरच्या घरात हसतं कोण?

आज आपण बोलणार आहोत सहकुटुंब बघायच्या सिनेमांविषयी. हसवता हसवता डोळ्यांत पाणी आणणारे, आजीपासून नातीपर्यंत सगळ्या एका रांगेत बसून बघतात, ते सिनेमे. आमचा प्रश्न साधा आहे. त्या सिनेमांत बाईच्या वाट्याला हसणं कधी आलं, आणि कुठल्या बाईच्या?

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले ते अण्णा साळुंके, कारण पडद्यावर यायला बाई तयार होईना. पडद्यामागे मात्र सरस्वतीबाई फाळके राबत होत्या. फिल्मला भोकं पाडायची, ती धुवायची, वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही करायचा. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई पडद्यावर आल्या. (विक्रम गोखले या कमलाबाईंचे नातू.) सरस्वतीबाईंचं काम आमच्यातल्या कितीतरी जणींना कळलं ते थेट २००९ च्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' या हलक्याफुलक्या सिनेमातून.

मग या १९८८ ला. 'अशी ही बनवाबनवी' कुणाला पाठ नाही? घरमालकीण लीलाबाई काळभोर बिनलग्नाच्या पोरांना जागा देत नाही, म्हणून सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे साड्या नेसून सुधा आणि पार्वती होतात. आम्ही आजही पोट धरून हसतो. पण बघा, त्यातल्या सगळ्यात लक्षात राहिलेल्या दोन बायका म्हणजे पुरुषच! (लीलाबाई झालेल्या नयनतारांचा अपवाद सोडा.) आणि भाड्याची खोली एकट्या बाईला नाकारतात, आडनाव ऐकूनही नाकारतात. ती गोष्ट त्या दारापर्यंत पोचलीच नाही.

तीनच वर्षांनी 'माहेरची साडी' आला. अलका कुबल रडल्या आणि गावोगावच्या बायका त्यांच्याबरोबर रडल्या. हसवायचं पुरुषांनी, रडायचं बायकांनी, अशी जणू वाटणीच झाली होती.

ही वाटणी मोडली ती लेखणी बायकांच्या हातात आल्यावर, असं आमचं मत. पुण्याच्या गौरी शिंदे यांच्या आई घरून लोणच्यांचा व्यवसाय करायच्या. त्यांच्यावरून लेकीला २०१२ चा हिंदी 'इंग्लिश विंग्लिश' सुचला. त्यातली शशी गोडबोले लाडू करून विकते, आणि इंग्रजीवरून तिला हसतात ते तिचेच नवरा आणि मुलगी. २०१४ चा 'एलिझाबेथ एकादशी' मधुगंधा कुलकर्णी यांच्या कथेवरचा. पंढरपूरची विधवा आई स्वेटर विणून घर चालवते. कर्जापायी तिचं मशीनच जातं. मुलं मग यात्रेत बांगड्या विकायला बसतात. आपल्यापैकी ज्यांनी हप्त्यासाठी मंगळसूत्र गहाण टाकलंय, त्यांना हे घर ओळखीचं वाटेल. आणि तरी सिनेमा रडका नाही! पोरांची अक्कलहुशारी बघून आपण हसतच राहतो. उत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला, तमिळ 'काका मुट्टै'बरोबर.

पुढे २०२१ चा 'झिम्मा' इरावती कर्णिक यांनी लिहिला, २०२३ चा 'बाईपण भारी देवा' वैशाली नाईक यांनी. सहा बहिणी आणि मंगळागौर! बायका नऊवारी नेसून, गॉगल लावून थिएटरात गेल्या. आम्हीही गटाने गेलो.

परतताना गाडीत, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आमच्या एका मैत्रिणीने विचारलं, "एवढ्या मंगळागौरीची भांडी कुणी घासली गं?" हशा पिकला. मग ती आपल्या चार घरांच्या गमती सांगायला लागली. फ्रिजला कुलूप लावणाऱ्या आजी, तिच्याकडून भाकरी शिकणारे साहेब. गाव कधी आलं, कळलं नाही.

तिला आम्ही रेकॉर्डिंगला बोलावलंय. पुढच्या गुरुवारी याच वेळी ऐका, तिच्याच आवाजात.