लेथवरचा साक्षीदार

तालुक्याच्या गावातल्या एखाद्या लेथच्या दुकानात कधी थोडा वेळ उभे राहून पाहा. पंपाचा झिजलेला शाफ्ट घेऊन कुणी शेतकरी तिथे बसलेला असतो. विहिरीवरचे पाणी बंद, ऊस सुकतोय, त्याला घाई. पण मिस्त्री घाई करीत नाही. २५ मिलिमीटरचा शाफ्ट बेअरिंगमध्ये नेमका बसायचा, तर मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशांची चूकसुद्धा नडते. आपल्या डोक्यावरचा केस साधारण सात शतांश जाड असतो. त्याच्या निम्म्यानेही जास्त कातले गेले, की शाफ्ट वाया, मजुरी वाया आणि पाण्याचा एक दिवसही वाया.

इतके बारीक माप माणसाच्या हाती आले कसे? सुतार सुतात मोजतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. लाकडाला तेवढे पुरते, यंत्राला पुरत नाही. जॉन विल्किन्सनने जेम्स वॉटच्या वाफेच्या यंत्रासाठी ५० इंच व्यासाचे सिलिंडर आतून कातून दिले, तेव्हा त्यात जुन्या शिलिंगच्या जाडीएवढाही फरक नाही, असे वॉटचा भागीदार बोल्टन याने १७७६ मध्ये मोठ्या कौतुकाने लिहिले. त्या काळी नाण्याची जाडी हीच बारीकपणाची परिसीमा होती!

पुढची पायरी चढला हेन्री मॉडस्ले. जन्म १७७१ चा, लंडनजवळच्या वुलिचचा. बाराव्या वर्षीच तो तिथल्या सरकारी शस्त्रागारात कामाला लागला. १८०० च्या सुमारास त्याने उत्तम आटे पाडणारा लेथ बांधला, आणि १८०५ च्या सुमारास टेबलावर ठेवायचे एक मोजयंत्र केले. त्याच्या स्क्रूला एका इंचात १०० आटे आणि चाकावर १०० खुणा होत्या. म्हणजे चाक एक खूण फिरले, की इंचाचा दहाहजारावा भाग. कारखान्यात मापावरून तंटा झाला की निवाडा या यंत्रापुढे व्हायचा. म्हणून कामगारांनी त्याला नाव दिले ‘लॉर्ड चॅन्सेलर’, म्हणजे जणू सरन्यायाधीश. लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये ते जपून ठेवलेले आहे.

तेव्हापासून दीडशे वर्षे लेथवर स्क्रूचेच राज्य चालले. चाक फिरवा, खुणा मोजा, हत्यार तेवढे सरकले असे समजा. पण यात एक मेख आहे. मोजयंत्राचा स्क्रू फक्त मोजतो. लेथचा स्क्रू मात्र हत्यार ढकलतोही आणि किती ढकलले ते सांगतोही. ढकलून ढकलून तो झिजतो. बैलगाडीचे चाक आसावर खिळखिळे व्हावे, तसा स्क्रू आणि नट यांच्यात खेळ येतो. मग चाक उलटे फिरवले तर आकडे पुढे जातात, हत्यार मात्र जागचे हलत नाही! जाणता मिस्त्री म्हणून नेहमी एकाच बाजूने मापावर येतो. पण आरोपीलाच साक्षीदार केले, तर खरे किती बाहेर येणार?

यावर तोड एकच. साक्षीदार वेगळा नेमायचा. स्क्रूने फक्त ढकलावे आणि किती सरकले ते बाजूला बसवलेल्या पट्टीने सांगावे. १९५० नंतरच्या दशकात एडिंबरो येथे फेरांटी कंपनीने यंत्रांवर अशा पट्ट्या वापरल्या. काचेवर अतिशय बारीक, समांतर रेघा. घरी मच्छरदाणीचे दोन पदर एकमेकांवर ठेवून किंचित तिरपे करा. मोठमोठे काळे पट्टे दिसतील. एक पदर जरासा सरकवला तर ते पट्टे भराभर पळतात. तसेच पट्टे या रेघांतही उठतात. ते विजेच्या डोळ्याने मोजायचे, एवढीच ती युक्ती.

पण अशा रेघा पाडायच्या कशा? टॉमस मर्टन या शास्त्रज्ञाने एका दंडगोलावर लेथनेच बारीक आटे पाडले. त्यावर आपल्या भेंडासारख्या मऊ गराचे अस्तर लावलेला नट चढवला. एकेका आट्यातली चूक अनेक आट्यांत वाटली जाऊन जवळजवळ पुसली गेली. त्या नटाच्या आधाराने नवे आटे पाडले, त्यांवर पातळ पापुद्रा चढवला आणि तो सोलून सपाट पसरला. स्क्रूचा साक्षीदार असा स्क्रूच्याच पोटी जन्मला!

आज ही विद्या गावापर्यंत आली आहे. माझा एक जुना विद्यार्थी वडिलांचा लेथ चालवतो. तयार डिजिटल रीडआउट त्याच्या ऐपतीबाहेरचा. त्याने एक स्वस्त डिजिटल व्हर्निअर घेतला. त्याची पट्टी लेथच्या न हलणाऱ्या भागावर आणि सरकता भाग हत्याराच्या क्रॉस स्लाईडवर बसवला. अशा व्हर्निअरमध्ये तांब्याच्या बारीक पट्ट्यांची रांग असते. सरकताना त्यांच्यातला विद्युतभार बदलतो आणि त्यावरून अंतर कळते. कित्येकांच्या झाकणीखाली चार धातूचे ठिपके असतात. त्यांना तारा जोडून त्याने आकडे एका छोट्या संगणकी चिपमध्ये घेतले आणि डोळ्यांसमोर मोठ्या अक्षरांत आणले. पट्टी सरळ बसवायला मात्र त्याने अख्खा दिवस घालवला. १०० मिलिमीटरांत ती २ मिलिमीटर तिरकी झाली, तरी माप दोन शतांशांनी चुकते. वर पत्र्याचे झाकणही केले, कारण लोखंडाचा किस आणि कूलंट शिरला की आकडे भरकटतात.

इतके करूनही पहिला शाफ्ट बिघडलाच! जुन्या चाकावरचे आकडे व्यासाचे होते. नवी पट्टी मात्र हत्यार सरकले तेवढेच सांगते. हत्यार १ मिलिमीटर आत गेले की व्यास २ मिलिमीटरने घटतो. साक्षीदार खरे बोलला होता. यानेच ऐकताना चूक केली. शेतकऱ्याला त्याने पदरच्या लोखंडाचा नवा शाफ्ट करून दिला आणि त्याच रात्री चिपला दुप्पट करायला शिकवले.

शिक्षकमित्रांनो, शाळेत स्क्रूगेज शिकवाल तेव्हा मुलांना एकदा गावातल्या लेथवर घेऊन जा. मिस्त्रीला चाक उलटे फिरवून दाखवायला सांगा. आकडा फिरतोय आणि हत्यार थांबलेले आहे, हे मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्या.