पानाच्या दोन बाजू

सज्जनहो, आपला वारकरी कीर्तनकार सेवेला एक अभंग घेतो आणि चरणामागून चरण उलगडत जातो. हीच सेवा कुणी कुंचल्याने केली तर कशी दिसेल? हिमालयाच्या पायथ्याशी गुलेर नावाचे एक लहानसे संस्थान होते. तिथल्या एका सुतार कुळाने जयदेवस्वामींचे गीतगोविंद असेच पानापानांतून उलगडले.

जयदेवस्वामी आपल्याला परके नाहीत. महिपतीबुवांनी १७६२ साली रचलेल्या भक्तविजयात त्यांचे चरित्र आरंभीच्या अध्यायांतच येते. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवरायांच्या पदांबरोबर जयदेवांच्या नावाची दोन पदे आहेत. बंगालच्या लक्ष्मणसेन राजाच्या काळात, म्हणजे बाराव्या शतकात, त्यांनी गीतगोविंद रचले. त्याचे सर्ग बारा आणि अष्टपद्या चोवीस. पुरीच्या जगन्नाथ मंदिरात १४९९ सालचा शिलालेख आहे. देवापुढच्या सेवेत गीतगोविंदच गावे, अशी राजा प्रतापरुद्राची आज्ञा त्यात कोरलेली आहे. हे काव्य आधी देवापुढे गाइले गेले, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. चित्र फार मागून आले.

गुलेरच्या त्या कुळात सेऊ नावाचे चित्रकार होते. जात सुताराची, पण लोक त्यांना पंडित सेऊ म्हणत. गोरोबांच्या मडक्यात आणि सावतोबांच्या मळ्यात देव पाहणाऱ्या आपल्या संप्रदायाला याचे नवल वाटू नये. सेऊंचे दोन पुत्र, माणकू आणि नैनसुख. त्यांतल्या माणकूंनी १७३० साली गीतगोविंदाची चित्रमाला केली. तिची पाने दीडशेच्या आसपास होती. पोथीसारखे आडवे पान, पुढे चित्र आणि त्याच पानाच्या पाठीवर संस्कृत श्लोक, अशी तिची मांडणी.

आता निरूपण पाहा. गीतगोविंदात पुष्कळ ठिकाणी सखी राधेला सांगते, राधा ऐकते. कृष्ण दूर यमुनाकाठी असतो, तो सखीच्या शब्दांतून समोर येतो. हे रंगवायचे कसे? माणकू पानाच्या एका बाजूला सखी आणि राधा उभ्या करतात, सखीचा हात बोलण्यासाठी उचललेला असतो, आणि दुसऱ्या बाजूला तिने सांगितलेला कृष्ण गोपींसह रंगवतात. सांगणारी, ऐकणारी आणि सांगितलेला देव एकाच पानावर! कीर्तन याहून वेगळे काय असते? एका पानावर तर खुद्द जयदेव विष्णूला नमस्कार करताना दिसतात. कवीलाही चित्रकाराने भक्तांत उभे केले.

सुमारे १७७५ साली याच कुळाच्या पुढच्या पिढीने तेच काव्य पुन्हा रंगवले. माणकूंची पार्श्वभूमी एकाच भडक रंगाची, झाडे मोजकी. मुलापुतण्यांच्या चित्रांत यमुना वळणे घेत वाहते, झाडी दाट होते, रंग हळुवार होतात. श्लोक तोच राहिला, निरूपणे दोन झाली. एकाच अभंगावर दोन बुवा उभे राहिले तर असेच होते, आणि अभंग तरीही उरतो.

या कुळाचा पत्ता कसा लागला, तेही ऐकण्यासारखे आहे. त्र्यंबक-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आपण पाहिल्या आहेत. तशाच हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्या असतात. इतिहासकार बी. एन. गोस्वामी यांनी त्या धुंडाळून या चित्रकारांची वंशावळ जुळवली. आश्रयदाता राजा बलवंतसिंह वारल्यावर १७६३ साली नैनसुख त्याच्या अस्थी घेऊन हरिद्वारला गेले. तिथल्या वहीत त्यांनी स्वतःच्या हाताने नोंद केली आणि शेजारी लहानसे चित्रही काढले. राजदरबारच्या कागदांत जे सापडले नाही, ते तीर्थयात्रेने जपून ठेवले.

माणकूंची पाने आज विखुरली आहेत. लाहोरच्या संग्रहालयाची १९४८ साली दोन देशांत वाटणी झाली, आणि आज काही पाने लाहोरला, तर पुष्कळशी चंदीगडला आहेत. पण मला दुसऱ्याच गोष्टीची रुखरुख आहे. पान चौकटीत बसवून भिंतीला लावले की चित्र लोकांकडे होते आणि श्लोक भिंतीकडे. पाहणारा रंगांवर खूष होऊन पुढे जातो. ज्या शब्दांसाठी माणकूंनी कुंचला उचलला, ते त्याला दिसतच नाहीत.

वाचकहो, हे संग्रहालयापुरते नाही. आपल्या घरोघर माउलींची, तुकोबारायांची तसबीर आहे. तिला रोज हार पडतो, बुक्का लागतो. तो जरूर लागावा, सगुणाची ती सेवाच आहे. पण ज्ञानेश्वरी आणि गाथा कपाटात कापडात गुंडाळलेली राहिली, तर आपणही श्लोक भिंतीकडेच केला. तसबिरीला हात जोडाल, त्या दिवशी गाथेचे एक पान उघडा आणि एक अभंग मोठ्याने म्हणा. माणकूंच्या पोथीला दोन्ही बाजू होत्या. आपल्याही घरात त्या असाव्यात.

रामकृष्ण हरि.