बुलेट ट्रेन, नागोया आणि काकांची विहीर

ज्यांना हेडफोन सापडत नाहीत, त्यांच्यासाठी हा लेखी भाग.

मी धाराशिवचा, पुण्यात कोडिंग करतो. आमच्याकडं रेल्वे म्हणजे वाट बघायची गोष्ट. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी छोटी नॅरोगेज गाडी सुरू झाली. पुढं ती येडशीवरून लातूरला गेली, पण धाराशिव शहर बाजूलाच राहिलं. शहरात स्टेशन यायला ब्रॉडगेज व्हावं लागलं, म्हणजे जवळपास शंभर वर्षं! त्यामुळं पालघरचे लोक बुलेट ट्रेन नको म्हणायचे तेव्हा मला वाटायचं, काय लोक आहेत राव!

मग आमच्या एका काकांच्या रानातून नव्या लोहमार्गाची आखणी गेली. मी फोनवर ज्ञान पाजळलं, "काका, विकास आहे, द्या की." काका म्हणाले, "जमीन देतो रे. पण विहीर रुळाच्या त्या बाजूला आणि ऊस ह्या बाजूला. पाणी कसं आणू, ते सांग." माझ्याकडं उत्तर नव्हतं. म्हणून वाचायला बसलो.

मुंबई-अहमदाबाद मार्ग ५०८ किलोमीटरचा. १४ सप्टेंबर २०१७ ला भूमिपूजन झालं. पालघरमध्ये मात्र चिकूच्या बागा, भातशेती, आदिवासी पाडे. तिथल्या बऱ्याच भागाला १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. या कायद्यानुसार जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी सल्लामसलत करावी लागते. अनेक ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले. त्यांचा सवाल साधा होता: गाडी आमच्या दारावरून जाणार, पण थांबणार कुठं? महाराष्ट्रात स्टेशनं चारच, मुंबई, ठाणे, विरार आणि बोईसर. आणि विरोध काही फक्त पाड्यांवरचाच नव्हता. विक्रोळीतल्या जमिनीसाठी गोदरेज कंपनीही हायकोर्टात गेली. २०२३ मध्ये ती याचिका फेटाळली गेली. जानेवारी २०२४ मध्ये सगळी जमीन ताब्यात आल्याचं जाहीर झालं.

आता खरी गंमत. हे तंत्रज्ञान जपानचं. तिथं सगळे खुशीत होते का? अजिबात नाही! १९६४ मध्ये शिंकान्सेन सुरू झाली. नागोया शहरात ती दाट वस्तीतून, घरांना खेटून जायची. आवाज आणि हादरे यांनी लोकांची झोप उडाली. १९७४ मध्ये ५७५ रहिवासी कोर्टात गेले. पुढच्याच वर्षी सरकारनं आवाजाची मर्यादा ठरवली: निवासी भागात ७० डेसिबल. १९८० मध्ये कोर्टानं भरपाई दिली, पण वेग कमी करायला नकार दिला. शेवटी १९८६ मध्ये समझोता झाला.

म्हणजे बघा, गाडी थांबली नाही, पण बदलली. आज रुळाशेजारी ज्या आवाजरोधक भिंती दिसतात, त्यामागं अशा लोकांची भांडणंही आहेत. आमच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी बग रिपोर्ट केला. आणि बग सांगणाऱ्याला आपण प्रॉडक्टचा दुश्मन म्हणत नाही.

सोलापूर-तुळजापूर-धाराशिव लाईन मलाही हवीय. आई तुळजाभवानीच्या दर्शनाला रेल्वेनं जायचंय. पण परवा काकांना फोन केला तेव्हा "द्या की" म्हणालो नाही. विचारलं, "विहिरीचं काय झालं?"

तुमच्या गावात रेल्वेची मोजणी आली असेल, तर घरच्या मोठ्यांना हेच विचारा. पुढच्या रविवारी भेटू!