कातणारणीचा खून: एक वऱ्हाडी रहस्यकथा

इंग्रजीत ‘कोझी मिस्टरी’ नावाचा रहस्यकथेचा एक सौम्य प्रकार आहे. लहानसे गाव, लोकर-सुताचे दुकान, तेथे विणायला जमणाऱ्या बायका आणि एक खून. अगाथा ख्रिस्तीची विणकाम करणारी मिस मार्पल ही या प्रकाराची आजी. तिची पहिली कादंबरी १९३० सालची. दुकानातल्या गप्पांतून धागा हाती लागतो, गुन्हेगार उघडा पडतो आणि विणकाम पुढे चालू राहते.

अशी कथा यवतमाळ जिल्ह्यात घडवायची म्हटली, तर पहिल्याच पानावर अडचण येते. शिवारात कापूस आहे, बाजारात गाठी आहेत. पण घरात कातलेले सूत शोधूनही सापडत नाही. खरे रहस्य हेच आहे, असे आम्हांस वाटते.

पुरावे मात्र लपलेले नाहीत. १८५३ साली निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हवाली केला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे विलायतेचे लक्ष वळले. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली, १८७० साली खामगावचा फाटा सुरू झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी यवतमाळही अरुंद रुळांनी मूर्तिजापूरला, म्हणजे मुंबईच्या वाटेला, जोडले गेले.

रहस्यकथेत कबुलीजबाब शेवटी येतो. येथे तो आधीच छापलेला आहे. मध्यप्रांत व वऱ्हाडचे कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नॅक यांनी १८६० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या अहवालात आशा व्यक्त केली, की रेल्वेने आलेले विलायती कापड देशी कापडाहून स्वस्त पडेल. मग सुतात खपणारा कापूस निर्यातीस मोकळा होईल आणि कातण्या-विणण्यात गुंतलेली माणसे शेतमजुरीस मिळतील. येथे ना द्वेष आहे, ना कट. आहे तो केवळ हिशेब. म्हणूनच तो वाचताना अंगावर काटा येतो.

तथापि सारा दोष एका साहेबाच्या माथी मारणे म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणे होईल. १८७७ साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. गिरणीचे सूत स्वस्त आणि सारखे. कोष्ट्याने ते घेतले यात त्याचा गुन्हा कोणता? त्या सुतावर त्याचा माग काही काळ तगला, चरखा मात्र थांबला. पुढे शेजारच्या वर्धा जिल्ह्यात गांधीजींनी चरख्याला पुन्हा प्रतिष्ठा दिली. पण तो परतला तो व्रत म्हणून, घरोघरच्या मिळकतीचे साधन म्हणून नव्हे.

कातणे हे मुख्यतः बायकांचे काम होते. घर न सोडता, आपल्या सवडीने मिळणारे चार पैसे त्यात होते. अहवालात या बायकांची नावे नाहीत. त्या आहेत केवळ ‘उपलब्ध होणारे मजूर’ म्हणून. आजही यवतमाळच्या शिवारात कापूस वेचणारे हात बहुतांशी बायकांचेच आहेत. ज्या हातांतून कधीकाळी सूत निघत होते, त्या हातांच्या वारसदार आता बोंडे वेचून वजन करून देतात. पुढचा धागा कोठे निघतो, हे त्यांना दिसत नाही.

इंग्रजी कथेत गुन्हेगार सापडला, की दुकान पुन्हा उघडते. आमच्या कथेत गुन्हेगार सापडून दीडशे वर्षे झाली; दुकान अजून बंदच आहे.